उलट्या दाराची गोष्ट

शब्द गोळा करायला निघालेल्या माणसाच्या हाती गंजलेला पत्रा यावा, असा प्रकार गेल्या वैशाखात माझ्या बाबतीत वटारला घडला.

वटार हे नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाचे गाव. केळीच्या वाड्या आणि त्या वाड्यांतून बावखले. बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, मुरते आणि आसपासच्या विहिरी खारट होऊ देत नाही. हा शब्द शहरी मराठीला ठाऊक नाही. असे आणखी काही शब्द मिळतील म्हणून मी माझ्या एका सहाध्यापकांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या आईंनी ऐंशी केव्हाच ओलांडली आहे. रहाट, पाट, पानवेल असे काहीही विचारा, आजी न थांबता सांगत. मधूनच त्या वाट सोडून भलतीकडे जात, आणि मग मी आपला वहीत प्रश्नचिन्ह काढून पुढच्या शब्दाची वाट पाही.

असेच एक प्रश्नचिन्ह मी त्यांच्या एका वाक्यापुढे काढले होते. त्या म्हणाल्या होत्या, "मास्तर, आमच्या ह्यांच्या टॅक्सीचे दार वाऱ्याने उघडायचे. हे एका हाताने चाक धरायचे आणि दुसऱ्या हाताने माझे दार चाचपायचे." चालत्या गाडीचे दार वाऱ्याने मिटते, उघडत नाही, एवढे शास्त्र मराठीच्या मास्तरालाही कळते. वय झाले, दुसरे काय!

पुढच्या खेपेस गेलो तो अंगणात वाद चाललेला. जुने घर पाडायचे ठरले होते आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाला येणार होता. ढिगात कोंबड्यांच्या खुराड्याचे दार होते : जाड पत्र्याचे, हिरव्या रंगाचे, वरच्या मोकळ्या चौकटीला जाळी ठोकलेली. आजींचे म्हणणे, हेच ते टॅक्सीचे दार, ते द्यायचे नाही. धाकट्या चिरंजीवांचे म्हणणे, आईची टॅक्सी ही आईच्या डोक्यातच आहे. बाबा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते आणि हा कुठल्याशा टेंपोचा पत्रा आहे. टॅक्सीचा ना एक फोटो, ना एक कागद. "आई, तू उगाच काहीतरी सांगतेस," असे ते शेवटी म्हणाले. आजी काही न बोलता आत गेल्या. दाराचा तंटा खरा तिथे लागला. पत्र्याला किलोमागे जे मिळायचे ते मिळो, पण घरातल्या सर्वांत वडील माणसाला खोटे पाडून ते मिळवायचे की काय, हा प्रश्न होता.

माझ्या मित्रांनी तोडगा काढला. सोपाऱ्यातल्या एका जुन्या डेंटरला आणले. हे गृहस्थ सत्तरीचे; गाड्यांचे पोचे काढण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी कोणालाही काही विचारले नाही. दार भिंतीला उभे केले आणि मागे सरून, चित्रकार आपल्या चित्राकडे पाहतो तसे पाहत राहिले.

मग तपास सुरू झाला. आतल्या कडेला एक नट गंजून बसला होता. पिशवीतला इंचाचा पाना त्याला लावला. तो ढिला झाला. त्याच्या खालचा बसेना. मग मिलिमीटरचा पाना काढला, तो चपखल बसला. "विलायती नाही, अमेरिकन नाही," ते म्हणाले. त्यांचा हिशेब असा : ब्रिटिश आणि अमेरिकन गाड्या इंचाच्या मापाच्या, म्हणून मॉरिसच्या वंशातली अँबॅसेडरही बाद आणि डॉजही बाद. मिलिमीटर म्हणजे युरोप खंड, आणि मुंबईच्या रस्त्यावर, त्यांच्या शब्दांत, "युरोप म्हणजे फियाट."

फियाट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर पद्मिनी उभी राहते. शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली, तेव्हा किती जणांनी हळहळून लिहिले! पण धाकटे म्हणाले, "हे पद्मिनीचे नव्हे. ते दार मी ओळखतो." त्यांचे बरोबर होते. डेंटरने वरच्या चौकटीवर बोट ठेवले. तिची एक बाजू उभी, दुसरी तिरपी. तिरपी बाजू पुढच्या काचेला लागून असते. म्हणजे हे पुढचे दार, आणि बाहेरून पाहता तिरकस बाजू डावीकडे येते, म्हणजे डावे. आता बिजागऱ्या पाहा. त्या तिरप्या बाजूला हव्यात, तिथे कुलपाची खाच! बिजागऱ्यांच्या जागा मागच्या, उभ्या कडेला.

"डुक्कर फियाट," डेंटर म्हणाले, आणि प्रथमच हसले.

नाव ऐकून नाक मुरडू नये. गोल पाठीच्या, पुढे नाकाड असलेल्या त्या गाडीला मुंबई-पुण्याने प्रेमाने दिलेले हे नाव आहे. इटलीत १९५३ साली फियाटने ही अकराशेची नवी गाडी काढली आणि वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती आपल्याकडे आली. तिची चारही दारे मधल्या खांबाला टांगलेली. मागची दारे नेहमीसारखी, पुढची उलटी. दोन्ही उघडली की मधल्या खांबाशी पाठीला पाठ लावून उभी राहिल्यासारखी दिसत. बसायला-उतरायला फार सोयीचे. फक्त चालत्या गाडीत कडी सुटली, तर समोरचा वारा फटीत शिरून दार मिटवण्याऐवजी भिरकावून उघडी. इंग्रजीत अशा दाराला आत्मघातकी दारच म्हणतात. पुढे कंपनीने बिजागऱ्या पुढे नेल्या आणि पद्मिनी पाहत वाढलेल्या पिढीला उलटे दार ठाऊकच राहिले नाही.

मी वही उघडली. प्रश्नचिन्ह होते तिथेच होते. ते वाक्य मी मोठ्याने वाचून दाखवले, आणि खरे सांगायचे तर वाचताना माझा आवाज जरा पडलाच.

धाकटे चिरंजीव वकिली बाण्याचे. ते म्हणाले, "फियाट असेल. टॅक्सी कशावरून?" डेंटरने पाण्याचा पॉलिश पेपर घेऊन कोपरा घासला. हिरव्याखाली निळा ऑइलपेंट, निळ्याखाली काळा, काळ्याखाली तांबडा अस्तराचा रंग. काळा लागताच मोठे चिरंजीव उल्हसित झाले. पण डेंटर पक्का मनुष्य. "काळी गाडी डॉक्टरचीही असते," ते म्हणाले. "पिवळे असते ते टपावर. टप आणा, मग सांगतो." टप कुठून आणणार? गाडी कोणाच्या मालकीची होती, हे तर दार सांगूच शकत नव्हते.

पण धाकट्यांनी पुढे वाद घातला नाही. ते आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते आईला हाताला धरून. आजींनी दाराच्या कडेवरून हात फिरवला, बिजागरीच्या जागेशी थांबल्या आणि म्हणाल्या, "मी डाव्या हाताला बसायची. हेच."

मला राहवले नाही. गाडी मोडीत निघाली तेव्हा चार दारांतून आजोबांनी नेमके हेच का आणले असावे, हे मी जरा हळुवार स्वरातच विचारले. माझ्या मनात उत्तर तयार होते.

"खुराड्याला दार नव्हते, मास्तर," आजी म्हणाल्या. "आणि ह्या एकाचीच काच फुटलेली होती, म्हणून फुकट दिले त्याने."