शनिवारी रात्री साडेनऊचं व्हायोलिन

खेड्यातल्या रेडिओ-श्रोत्याबद्दल शहरात एक समज पक्का होऊन बसला आहे. शास्त्रीय वादन लागलं की तो बटण फिरवतो, आणि व्हायोलिन लागलं तर हमखास फिरवतो, कारण त्याच्या लेखी ते रडकं वाद्य. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या रेडिओच्या दिवसांचा मागोवा घेताना हा समज आधी तपासायला हवा, कारण व्हायोलिनमधला फार मोठा माणूस तेव्हाच्या याच ठाणे जिल्ह्यात राहत होता. पं. गजाननबुवा जोशी यांचा जन्म १९११चा, मुंबईतला. वडील अंतूबुवांकडून ग्वाल्हेरची तालीम, पुढे विलायत हुसेन खाँसाहेबांकडून आग्रा आणि भुर्जी खाँसाहेबांकडून जयपूर. असं तीन घराण्यांचं गाणं गळ्यात मुरवून त्यांनी ते व्हायोलिनवर उतरवलं, अनेक वर्षं आकाशवाणीची सेवा केली, आणि १९८७ साली डोंबिवलीत त्यांचं निधन झालं. डोंबिवलीहून कसारा लोकल पकडली की आसनगावला उतरून शहापूर, आणि कल्याणहून एसटी धरली की मुरबाड. म्हणजे अंतर आड येत नव्हतं. आड काय आलं, याचं माझं उत्तर सरळ आहे: या भागातलं व्हायोलिनबद्दलचं मत वाद्यानेही घडवलं नाही आणि लोकांच्या कानांनीही नाही. ते आकाशवाणीच्या वेळापत्रकाने घडवलं.

तानसा आणि भातसा या शहापुरातल्या धरणांचं पाणी मुंबईला जातं. मुंबईकडून उलट दिशेने जे बिनबोभाट पोचायचं, त्यात मीडियम वेव्ह वरच्या क्रमांकाची. पण त्या लहरीवरून नावाजलेला वादक कधी यायचा? संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला तो शनिवारी रात्री साडेनऊला, दीड तासाचा. दिवसभर चिखलात लावणी करून आलेल्या माणसाची ही वेळ नव्हे. वीज नसलेल्या पाड्यावर ट्रान्झिस्टर सेलवर चालायचा, आणि सेल काही आलापीसाठी जाळायची चीज नव्हती. बाकीच्या वेळी व्हायोलिन यायचं ते बिननावाचं. हार्मोनियमवर आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली आणि ती पुढे तीन दशकं टिकली. त्या काळात गवयाच्या मागे सारंगी किंवा व्हायोलिन असायचं, पण श्रोत्याच्या ध्यानात राहायचा तो गवई. दोन कार्यक्रमांच्या मध्ये पाच मिनिटं उरली की वाद्यसंगीताची एखादी तबकडी, नि बातम्यांची वेळ झाली की तीही अर्ध्यात तोडलेली. या तालुक्यांत रोज न चुकता कानावर पडणारं व्हायोलिन तर सकाळी केंद्र सुरू होतानाच्या सिग्नेचर ट्यूनमधलं. ती वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराची रचना, शिवरंजनीच्या सुरांवरची. तीत व्हायोलिन वाजवलं आहे ते झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता यांनी, असं सांगितलं जातं. चुलीवर चहा चढवताना हजारो घरांनी ते रोज ऐकलं आणि त्यावर कुणाला मत विचारलं गेलं नाही.

आणि मग दुखवटा. नेहरू गेले १९६४ साली, शास्त्री १९६६ साली, इंदिराबाई १९८४ साली. प्रत्येक वेळी नेहमीचे कार्यक्रम बंद झाले आणि भजनांबरोबर सारंगी, व्हायोलिन, शहनाई यांची संथ आलापी सुरू झाली. अवेळी वाद्य लागलं की ‘कोण गेलं?’ असं विचारण्याची सवय महाराष्ट्रभर पडली ती उगाच नाही. ज्या वाद्याचं सलग, मोठ्या आवाजातलं, दिवसाढवळ्याचं दर्शन मुख्यतः सुतकात घडतं, त्याला लोक रडकं म्हणणार नाहीत तर काय म्हणणार?

यावर पहिला आक्षेप येतो तो रेडिओ सिलोनचा. माहिती आणि नभोवाणीमंत्री बा. वि. केसकरांनी आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आवळली, शास्त्रीय संगीताचे तास वाढवले, आणि देश सिलोनवरच्या बिनाका गीतमालेकडे वळला. १९५७ साली विविध भारती काढावी लागली. मग श्रोत्यांनी कौल दिलाच की, असं म्हणता येईल. दिला, हे खरं. पण तो कशाविरुद्ध दिला हे बघायला नको का? ज्या गाण्यांकडे ते गेले ती व्हायोलिनने ओसंडून वाहत होती. शंकर-जयकिशनच्या वाद्यवृंदातला व्हायोलिनचा ताफा, गोव्याहून आलेले अँथनी गोन्साल्विससारखे वादक-अरेंजर, त्यांच्याकडे शिकलेले प्यारेलाल, हे सगळं मुरबाडच्या बाजारपेठेतल्या हॉटेलात दिवसभर वाजत होतं. लोकांनी उपदेश नाकारला. वाद्य त्यांनी आनंदाने घेतलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. गजाने घासून वाजवायच्या वाद्यात मुळातच करुण रस असतो, त्याला आकाशवाणी काय करणार? याचं उत्तर वाईत जन्मलेल्या पं. वि. गो. जोगांच्या वादनात आहे. जोगांनीही आकाशवाणीत वर्षानुवर्षं काम केलं, १९८३ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, आणि बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या गाजल्या. मांडी घालून बसायचं, वाद्याचं टोक उजव्या घोट्यावर टेकवायचं, दुसरी बाजू छातीशी धरायची. मान मोकळी राहते आणि डावा हात तारेवर निर्धास्त घसरतो. या बैठकीतून विलंबितातली लांब मींड निघते हे खरं, पण द्रुत गतीत तोच गज तुटक, ठाशीव पडायला लागतो, तबल्याशी सवालजवाब करतो, आणि समोर लग्नघरची शहनाई. यात रडकं काय आहे? गजाननबुवांचंही तेच: त्यांच्या वादनातला लयीचा खेळ शोकसभेला शोभणारा नव्हेच. रेडिओने मात्र या वाद्यातली आलापीच वेचून घेतली, ती अवघड दिवसांसाठी राखून ठेवली, आणि द्रुत लयीतला ‘झाला’ ठेवला शनिवारी रात्री अकराच्या आसपास. गजाचं वाद्य या लोकांना परकं होतं, असंही म्हणता येत नाही. किंगरी घेऊन दारोदार फिरणारे नाथपंथी इथल्या ओट्यांवर व्हायोलिनच्या कितीतरी आधी येऊन गेले होते.

उरतो प्रश्न पुराव्याचा. श्रोत्यांची मतं आकाशवाणीकडे पोचायची पत्रांतून, म्हणजे लिहिता येणाऱ्यांची, पोस्ट जवळ असणाऱ्यांची, आणि ज्यांना वादकाचं नाव उद्घोषणेतून कळलं त्यांची. शहापुरातल्या माहुली गडाच्या पायथ्याचा किंवा मुरबाडातल्या टोकावड्याकडचा भातशेतकरी त्या थप्पीत फारसा नसणार. त्याचं मौन म्हणजे नापसंती, असं धरून चालणं मला सोयीचं वाटतं, प्रामाणिक नाही. कुणी म्हणेल, मौन म्हणजे पसंती असंही धरता येत नाही. मान्य. म्हणूनच अजून हयात असलेल्या जुन्या श्रोत्यांना गजाननबुवा आवडायचे का, जोग आवडायचे का, असं विचारून उपयोग नाही. ती नावं त्यांच्यापर्यंत पोचवलीच गेली नव्हती. विचारायचं ते रेडिओ कुठे ठेवलेला असायचा, किती वाजता लावायचे, सेल संपत आले की कोणता कार्यक्रम आधी सोडून द्यायचे, आणि मधल्या त्या पाच मिनिटांत आवाज कमी करायचे की तसाच राहू द्यायचे.