फासा पलंगाखाली गेला तेव्हा...

परवा भाच्यांसाठी घरीच एक खेळ रचला. वहीच्या पानावर किल्ल्याचा नकाशा, दोन फासे, आणि मध्यरात्री चोरदिंडीतून आत शिरायचं!

वातावरणासाठी आधी हौसेने ढोल-ताशा लावला. पोरं फासे टाकून नाचायलाच लागली.

मग मोबाईलवर राग मारवा लावला, सतारीची नुसती आलापी. कोमल रिषभ, पंचम अजिबात नाही, षड्जावरही फारसं थांबत नाहीत. कानाला टेकायला जागाच मिळत नाही. दोन मिनिटांत धाकटी कुजबुजली, "मामा, कोणी आहे का तिथे?"

शब्दांचं गाणं मात्र नको, मुलं त्याच्याच मागे जातात. आवाजही आपल्या बोलण्याच्या खालीच ठेवायचा.

दुसरी युक्ती १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या व्हिडिओ गेमची. चारच सुरांची उतरती धून, शत्रू कमी होतील तशी जलद होणारी. मी पाटावर बोटांनी तेच केलं. पहारेकरी जवळ येईल तसा ठेका वाढवला आणि दार उघडताना एकदम थांबलो. त्या शांततेत थोरल्याच्या हातून फासा निसटला तो थेट पलंगाखाली!

तुम्ही कुठला प्रसंग रचताय? कमेंटमध्ये सांगा, राग सुचवतो.