सूत्रातल्या आडव्या रेषा (लेखांक ५)

अक्षराची बाह्यरेषा पिक्सेलच्या चौकटीत नेमकी बसत नाही, म्हणून कोणती रेघ कुठे सरकवायची हे ठरवणाऱ्या सूचना म्हणजे हिंटिंग. एवढं मागच्या लेखांकात पाहिलं. कथा-कादंबरी पडद्यावर वाचताना या सूचना किती कडक असाव्यात हा बराचसा आवडीनिवडीचा भाग आहे. गणिताचं तसं नाही. गणिती मजकुराला हिंटिंग हलकंच द्यावं आणि तेही फक्त उभ्या दिशेनं; आडव्या दिशेनं चिन्हांना हात लावू नये, असं माझं मत आहे.

देवनागरी शब्दाची शिरोरेषा अक्षरागणिक एकेक पिक्सेल वरखाली झाली, तर शब्द तुटका दिसतो. सूत्रात तीच जागा अक्षाची असते: वजाचं चिन्ह, बरोबरचं चिन्ह आणि अपूर्णांकाची रेघ या एका अदृश्य पातळीवर तोललेली असतात. अडचण अशी, की वजाचं चिन्ह फॉन्टमधून येतं, पण अपूर्णांकाची रेघ फॉन्टमध्ये नसतेच. ती टेक्‌सारखी जुळणीप्रणाली स्वतः आखते. डोनाल्ड कनूथ यांच्या कम्प्युटर मॉडर्न या फॉन्टमध्ये १० पॉइंटाला ही रेघ ०.४ पॉइंट जाड असते, म्हणजे इंचाला ९६ पिक्सेल असलेल्या पडद्यावर जेमतेम अर्धा पिक्सेल. कडक हिंटिंग वजाला पूर्ण एका पिक्सेलचा काळाभोर करून जवळच्या ओळीवर नेऊन बसवतं. शेजारची रेघ मात्र त्या सूचनांच्या कक्षेबाहेर, करडी, कधी एक पिक्सेल खाली. एकाच जाडीच्या दोन रेषा मग दोन वेगवेगळ्या फॉन्टांतल्या वाटतात. म्हणून उभ्या दिशेनं सरकवायचंच असेल, तर रेघ आखणाऱ्या प्रणालीनंही तोच हिशेब पाळायला हवा.

आडव्या दिशेचं नुकसान याहून मोठं. टेक् चिन्हांच्या जागा पॉइंटच्या ६५,५३६व्या भागात मोजतं. एवढ्या बारकाईनं मांडलेल्या सूत्रात प्रत्येक चिन्हाची रुंदी पूर्ण पिक्सेलवर आणून ठेवली, की तिरप्या एफचं शेपूट कंसात घुसतं आणि घातांक आपल्या अक्षरापासून सुटतो. अक्षरं पडद्यावर उमटवणाऱ्या फ्रीटाइप या प्रणालीतला हिंटिंगचा ‘लाइट’ प्रकार फक्त उभ्या दिशेनं काम करतो, म्हणून तो इथे बरा.

यावर आक्षेप येतो, की हलक्या हिंटिंगनं मजकूर फिका दिसतो. दिसतो, आणि कम्प्युटर मॉडर्नमध्ये तर फारच. पण तो दोष मुळात त्या फॉन्टच्या केसाएवढ्या रेघांचा आहे. त्यावर उपाय जरा भरदार फॉन्टचा. ऑफिस २००७ बरोबर आलेला कॅम्ब्रिया मॅथ पडद्यावर अधिक ठसठशीत उमटतो. दुसरा आक्षेप, की दाट पडद्यांच्या काळात ही चर्चाच शिळी झाली. मोबाइलपुरतं ते खरं आहे, आणि तिथे हिंटिंग पूर्ण बंद केलं तरी माझी हरकत नाही. पण २४ इंची, १९२० × १०८० चा मॉनिटर इंचाला सुमारे ९२ पिक्सेलच देतो, आणि असे मॉनिटर टेबलांवर अजून भरपूर आहेत.

माझ्या पर्यायातही एक खोट आहेच. अक्षरावरची टिल्डची लाट जेमतेम दोन पिक्सेल उंच असते. उभ्या दिशेच्या हिंटिंगनं ती सपाट झाली, की टिल्ड आणि सरळ आडवी रेघ यांत फरक उरत नाही, आणि गणितात त्या दोन चिन्हांचे अर्थ निरनिराळे. घातांकाच्या घातांकात तर कोणतीच पद्धत टिकत नाही: ५ पॉइंटाच्या ‘ई’ची उंची या पडद्यावर तीन पिक्सेलही भरत नाही, आणि त्याच्या तीन आडव्या रेघा व मधल्या दोन पोकळ्या वेगळ्या दिसायला किमान पाच लागतात. तिथे पान मोठं करून पाहणं एवढाच मार्ग राहतो.