गन माईक घ्यावा की कॉलर माईक?
(आपल्या रेडिओवरचं बोलणं, वाचण्यासाठी थोडं आटोपशीर करून)



बऱ्याच गटांकडून एकच विचारणा येते. मोबाईलवर चित्र छान येतं, पण बाई काय बोलली ते कळत नाही. मग कोणीतरी शहरातल्या दुकानात जाऊन येते. दुकानदार लांबडी काळी नळी दाखवतो आणि म्हणतो, हा गन माईक घ्या ताई, लांबचा आवाज खेचून घेतो. गटाच्या बचतीतले पैसे मोजण्याआधी हे वाक्य तपासून घेऊ, कारण ते खरं नाही.

गन माईकला शूटिंगवाले शॉटगन माईक असंही म्हणतात. नळी बंदुकीसारखी दिसते म्हणून हे नाव. तो काही दुर्बीण नव्हे, लांबचं जवळ आणत नाही. तो फक्त बाजूने येणारा आवाज कमी करतो, म्हणजे समोरचा आवाज त्यातल्या त्यात उठून दिसतो. हे होतं कसं, ते समजलं की कोणता माईक कुठे चालेल हे तुम्ही स्वतःच ठरवू शकाल.

नळीकडे नीट बघा. तिच्या अंगाला बारीक बारीक फटी असतात, आणि आवाज ऐकणारा पडदा आत तळाशी असतो. समोरून आलेला आवाज नळीच्या तोंडातून शिरला काय आणि फटींतून शिरला काय, पडद्याशी एकाच वेळी पोचतो आणि त्याचा जोर एकवटतो. बाजूने आलेला आवाज मात्र सगळ्या फटींतून एकदमच आत शिरतो. तिथून पडद्यापर्यंतचं अंतर प्रत्येक फटीचं वेगळं, म्हणून तो मागेपुढे पोचतो. जात्यावर दोघी बसल्या आहेत आणि एकीने खुंटा ओढला तेव्हाच दुसरीने उलट ढकलला, तर जातं अडतं की नाही? तसं त्या आवाजाचं होतं. तो स्वतःलाच अडवतो.

पण हे बारीक, चिरक्या आवाजांनाच लागू पडतं. आवाजाला लाट असते. 'स', 'श', 'च' या अक्षरांतला सळसळता भाग घेतला, तर त्याची लाट दहा सेंटिमीटर किंवा त्याहूनही आखूड असते. पाण्याच्या पंपाची किंवा ट्रॅक्टरची धडधड घेतली, तर लाट तीन-साडेतीन मीटरची. पंचवीस सेंटिमीटरच्या नळीत साडेतीन मीटरची लाट मागेपुढे होणार किती? जवळजवळ नाहीच. म्हणून बाजूला इंजिन चालू असेल तर गन माईक ते थांबवू शकत नाही. तिथे उपाय एकच, पाच मिनिटं इंजिन बंद ठेवा अशी विनंती करायची.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. माईकचं तोंड बोलणाऱ्या बाईकडून जरा हललं, तर तिच्या आवाजातलाही तोच सळसळता भाग आधी जातो. आवाज ऐकू येतो, पण शब्द उलगडत नाहीत. पिण्याच्या पाण्यावर किंवा रेशनवर फिल्म करून तालुक्याला दाखवायची, आणि साहेबांनी म्हणायचं 'नक्की काय म्हणाल्या त्या?', तर सगळी मेहनत फुकट. आपल्या बायका मुळात हळू बोलतात, सासऱ्यांसमोर किंवा सरपंचांसमोर तर आणखीच हळू. एरवी न बोलणारी बाई एकदा बोलली, तर ते एकदाच असतं. तिला पुन्हा बोला म्हटलं की ती तेच पुन्हा बोलत नाही.

आता अंतराचं बघू. माईक दुप्पट लांब नेला की आवाजाचा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. एक हातावरून दोन हातांवर गेलात तर चौथा हिस्सा, चार हातांवर गेलात तर सोळावा. आजूबाजूचा गलका मात्र तेवढाच राहतो. म्हणून महागडा गन माईक कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवून आठ-दहा फुटांवरून बोलणं टिपण्यापेक्षा, हजार रुपयांच्या आसपास मिळणारा कॉलर माईक बाईच्या पदराला लावलेला बरा. दहातल्या आठ वेळा मी तरी कॉलर माईकच सुचवीन. बोया कंपनीचा बी वाय एम वन हा तारेचा कॉलर माईक पुष्कळ ठिकाणी दिसतो. त्याची तार सहा मीटर लांब असते. त्याला एक छोटा सेल लागतो आणि मोबाईल की कॅमेरा हे ठरवणारं एक बटण असतं. ते बटण चुकीच्या बाजूला राहिलं तर आवाज नीट येत नाही, तेवढं बघायचं. आपल्याकडे कॉलर माईकचे खरे वैरी दोन, मंगळसूत्राचे मणी आणि इस्त्रीचा कडक पदर. मणी माईकवर आपटतात, पदर घासतो. माईक मण्यांपासून चार बोटं बाजूला लावा आणि तार पदराच्या आतून चिकटपट्टीने धरा.

मग गन माईक हवा कधी? जेव्हा बाईच्या अंगाला काही लावता येत नाही, किंवा एकाहून जास्त जणी बोलतात. जात्यावर बसलेल्या दोघींच्या ओव्या घ्या. दोघी हलतात, पदर हलतो, हात सारखे फिरतात. इथे कॉलर माईक हाल करतो. गन माईक बांबूला बांधून दोघींच्या मध्ये, वरून धरला तर दोघींचा आवाज सारखा येतो आणि खाली जात्याची घरघरही येते. ती यायलाच हवी, ती ओवीचाच भाग आहे.

ओव्यांचं बोलतेच आहे तर सांगते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी आपल्या सोबतिणींसह गावोगावच्या लाखाहून जास्त ओव्या लिहून काढल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या काहींचं ध्वनिमुद्रण केलं. पण आवाजात आहेत त्या काही हजारच, बाकीच्या फक्त कागदावर. शब्द राहिले, गळा राहिला नाही. तुमच्या गावात ऐंशी वर्षांची आजी असेल, तर माईकची निवड ही नुसती यंत्राची गोष्ट राहत नाही.

आता दुकानात काय काय मिळतं ते बघू. किमती बदलतात, म्हणून मी अंदाजच देते.

सगळ्यात स्वस्तात बोयाचा बी वाय एम एम वन आणि त्याच्यापेक्षा महाग रोडचा व्हिडिओमायक्रो. दोन्ही बोटाएवढे. व्हिडिओमायक्रोचं वजन ४२ ग्रॅम, म्हणजे मोबाईलवर ओझं होत नाही. दोघांनाही सेल लागत नाही, वीज मोबाईलकडून किंवा कॅमेऱ्याकडूनच मिळते. दुकानदार यांनाही गन माईकच म्हणतो, पण यांना ती फटींची लांब नळी नाही. पाठीमागचं ते कमी करतात, बाजूचं फारसं नाही. जवळून बोलणाऱ्या एका बाईसाठी ठीक. घेताना तार बघून घ्या. मोबाईलच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याच्या पिनेवर दोन. बोयाबरोबर दोन्ही तारा येतात, व्हिडिओमायक्रोबरोबर कॅमेऱ्याची येते आणि मोबाईलची वेगळी घ्यावी लागते. तुमच्या मोबाईलला गोल भोकच नसेल, तर वर आणखी एक जोडणी लागते.

त्यानंतर खरे गन माईक. सेनहायझरचा एमकेई ६०० आणि रोडचा एनटीजी टू. दोन्ही साधारण पंचवीस ते अठ्ठावीस सेंटिमीटर लांब आणि दोन्ही भिंतीवरच्या घड्याळाच्या एका साध्या सेलवर चालतात. आपल्यासाठी हा मोठा गुण आहे, कारण पुष्कळ गन माईकना बाहेरून ४८ व्होल्टचा दाब लागतो, आणि तो मोबाईल देत नाही. तो देणारं वेगळं यंत्र घ्यावं लागतं. ऑडिओ-टेक्निकाचा एटी८७५आर चांगला आहे, आखूड आहे, साडेसतरा सेंटिमीटरचा. बुटक्या छपराखाली बरा. पण तो सेलवर चालत नाही, म्हणून मोबाईलवर काम करणाऱ्या गटाला मी तो सांगणार नाही.

आणि सिनेमावाल्यांचा लाडका सेनहायझरचा एमकेएच ४१६. त्याच्या आतली रचना अशी आहे की दमट हवेचा त्याला फारसा त्रास होत नाही. पावसाळ्यात कोकणात शूटिंग करणाऱ्याला त्याचं मोल कळेल. पण किंमत एमकेई ६०० च्या कितीतरी पट, शिवाय ४८ व्होल्टही हवेत. गटाने हा घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. फारच गरज पडली तर भाड्याने मिळतो.

एमकेई ६०० किंवा एनटीजी टू घेतला तर तारेची एक गंमत लक्षात ठेवा. या माईकला मागे तीन काड्यांची जाड पिन असते. तिला साधी जाड-बारीक तार लावली, तर कधीकधी एकच आवाज डाव्या बाजूला सुलटा आणि उजव्या बाजूला उलटा जातो. कानाला दोन बोंडं लावून ऐकाल तर आवाज येतोच, थोडा विचित्र, पण येतो. तीच फिल्म एकाच स्पीकरच्या मोबाईलवर लावली, की सुलटा आणि उलटा एकत्र होतात आणि आवाज नाहीसा. तेच जातं पुन्हा अडलं! आपल्या छोट्या रेडिओवर तर दोन्ही बाजू एक करूनच आवाज सोडतात, तिथेही तसंच होईल. एमकेई ६०० साठी कंपनीच्या वेगळ्या तारा आहेत, कॅमेऱ्याला केए ६०० आणि मोबाईलला केए ६०० आय. दुकानात माईक लावून तिथल्या तिथे एका मिनिटाचं बोलणं घ्या आणि ते एकाच स्पीकरवर ऐका. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

या दोन माईकवर खालचा आवाज कापणारं एक बटण असतं. बाईच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण २०० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि हे बटण ८० ते १०० च्या खालचं कापतं. म्हणजे बाईच्या बोलण्याला धक्का लागत नाही आणि वाऱ्याची, पंपाची घुमघुम थोडी कमी होते. बोलताना ते चालू ठेवा. जात्याच्या ओव्यांना मात्र बंद ठेवा, नाहीतर घरघर पातळ होईल.

बांबूविषयी. बूम रॉड विकत घेण्याची गरज नाही, हलका सरळ बांबू पुरतो. माईक बांबूला थेट बांधू नका, हाताची प्रत्येक हालचाल त्यात उतरते. माईकसाठी रबराचा झुला मिळतो, तो लावा. बांबू धरणारीने काचेच्या बांगड्या मनगटावर वर सरकवून रुमाल गुंडाळावा, किणकिण फार येते. माईक बोलणारीच्या कपाळापुढे दीड-दोन फूट वर, तोंड तिच्या छातीकडे. वरून का? समोरून धरला तर बाईच्या पाठीमागचा रस्ता, पोरं, कोंबड्या हे सगळं माईकच्या समोरच येतं. वरून धरला की माईकच्या समोर बाई आणि तिच्यामागे फक्त जमीन.

बाहेर वारा असेल तर नुसता काळा स्पंज पुरत नाही, केसाळ टोपडं हवं. वारा टोपड्याच्या केसांत अडकतो, आवाज आत जातो.

आणि खोलीत? सिमेंटच्या रिकाम्या खोलीत गन माईक बऱ्याचदा फसतो. आवाज भिंतींवरून आपटून बाजूने आत येतो, आणि जातं नीट अडतही नाही, नीट फिरतही नाही. बोलणं डब्यातून आल्यासारखं लागतं. समाजमंदिरात, शाळेच्या वर्गात कॉलर माईकच लावा. तो नसेल तर दोरीवर दोन-तीन गोधड्या टाका, एक बोलणारीच्या पाठीमागे आणि एक बाजूला. खाली सतरंजी. पंखा बंद. पत्र्याच्या छपराखाली पाऊस सुरू झाला, तर चहा करा आणि थांबा.

घेण्याआधी दोन गटांनी मिळून एक परीक्षा करा. ज्यांच्याकडे जो माईक आहे तो आणा. एकाच बाईला एकच वाक्य बोलायला सांगा, 'शेवंताच्या शेतात सोयाबीन सुकतंय', कारण त्यात श, स, च सगळं आहे. एकदा एक हातावरून, एकदा तीन हातांवरून, एकदा अंगणात, एकदा खोलीत. प्रत्येक वेळी आधी माईकचं नाव बोलून घ्या, नाहीतर नंतर कुठला कुठला ते कळत नाही. मग बोलणं ज्यांनी आधी ऐकलेलं नाही अशा दोघींना ऐकवा आणि कळलेले शब्द त्यांना परत म्हणायला सांगा. शब्द ज्या माईकवर जास्त कळले, तो आपला.

१९८४ साली अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेच्या बायकांनी व्हिडिओ शिकायला सुरुवात केली. त्यातल्या काहींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. कॅमेरा शिकल्या, आवाज घ्यायला शिकल्या, आपले प्रश्न आपणच मांडले. त्यांच्या वेळची यंत्रं आपल्या मोबाईलपेक्षा कितीतरी जड होती.

शेवटी जपणुकीचं. माईकचा सेल काम संपलं की काढून ठेवा, आत राहिला तर गळतो. माईक घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डब्यात औषधाच्या बाटलीत येतात त्या सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या. पुड्या पोरांच्या हाती लागू देऊ नका. डबा गटातल्या एकीच्या घरी, आणि वही त्याच डब्याबरोबर. कोणी नेला, कधी परत आला, सेल कधी बदलला, सगळं तिथे लिहायचं.