माणूस पेढीवर टिकतो कशाने?

दीपावलीनंतर अनेक पेढ्यांवर एकच तक्रार ऐकू येते : बोनस दिला, पगार वाढवला, तरी जुना माणूस सोडून गेला. तक्रार खरी असते. परंतु पैसा वाढवला की कामात मन लागते, ही तिच्यामागील समजूत तपासून पाहण्याजोगी आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखती घेतल्या. कामावर अतिशय समाधान केव्हा वाटले आणि अतिशय वैताग केव्हा आला, एवढेच त्यांना विचारले. निष्कर्ष १९५९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. वैतागाच्या प्रसंगांत संस्थेचे नियम, वरिष्ठांची वागणूक, पगार आणि कामाची परिस्थिती यांचा उल्लेख वारंवार आला. समाधानाच्या प्रसंगांत मात्र तडीस नेलेले काम, त्याची घेतली गेलेली दखल, कामातील गोडी, जबाबदारी आणि बढती यांना प्राधान्य होते. म्हणजे असंतोष दूर होणे निराळे आणि उत्साह उत्पन्न होणे निराळे.

या पद्धतीवर आक्षेपही घेतले गेले. यशाचे श्रेय स्वतःकडे आणि अपयशाचा दोष परिस्थितीकडे देण्याचा मनुष्यस्वभाव अशा उत्तरांत उतरतोच. तरीही व्यापाऱ्याला त्यातून एक उपयुक्त प्रश्न मिळतो : आपल्या माणसाला आपण वेतनाखेरीज काय देतो?

कोणत्या गिऱ्हाइकाला कोणता माल रुचतो, हे गल्ल्यावर बसणाऱ्यापेक्षा माल दाखवणाऱ्याला अधिक ठाऊक असते. तरी खरेदीच्या वेळी त्याचे मत कोणी विचारत नाही. पाचशे रुपयांची सूट द्यायची तरी शेठजींना फोन करावा लागतो. ठराविक मर्यादेपर्यंत निर्णयाचा अधिकार द्यावा, चांगल्या कामाचा उल्लेख चारचौघांत करावा, चूक मात्र एकांतात सांगावी. यास खर्च फारसा नाही. मन मोठे लागते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ सालच्या निबंधात मानवी गरजांचा क्रम मांडला : अन्नादी शारीरिक गरजा, सुरक्षितता, आपुलकी, प्रतिष्ठा आणि शेवटी स्वतःच्या क्षमतांचा विकास. हा क्रम अगदी ताठर नसल्याचे त्यांनीच नमूद केले आहे; परंतु महिनाअखेरीस वाण्याची उधारी फेडता न येणाऱ्या माणसाचे समाधान केवळ कौतुकाने होणार नाही. "तू तर घरचाच माणूस," असे म्हणून पगारवाढ टाळणे ही आपुलकी नव्हे.

आपल्या परंपरेने हा विचार फार पूर्वी केला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत अतिभारारोपण, म्हणजे शक्तीपलीकडे भार लादणे, आणि अन्नपाननिरोध, म्हणजे खाण्यापिण्यात अडथळा आणणे, हे दोन आहेत. सणाच्या गर्दीत दुपारच्या जेवणाला सायंकाळपर्यंत सुट्टी न मिळणारा नोकर पाहिला की हे शब्द केवळ स्वाध्यायापुरते राहत नाहीत. परिग्रहाचे परिमाण श्रावकाने स्वतःसाठी स्वेच्छेने ठरवावयाचे असते; संतोषाचा उपदेश नोकराला करून त्याचे वेतन रोखण्यासाठी ते व्रत नाही.

योग्य वेतन आणि वेळेवर विश्रांती हे त्याचे देणे आहे. ते आधी चुकते करावे. त्यानंतर दिलेला विश्वासच त्याला खरा वाटेल, आणि माणूस पेढीवर टिकतो तो अशा विश्वासाने.