बाराजणांची होडी

स्कॉटलंडच्या दुर्गम बेटांवर नेणाऱ्या सहलींची माहितीपत्रकं चाळली तर एक आकडा सारखा समोर येतो : जास्तीत जास्त 12 प्रवासी. वाचणाऱ्याला आधी वाटतं, जास्त पैसे घेण्याची ही सबब असणार. पण या बाराच्या मागे जाहिरातवाले नाहीत, समुद्राचा कायदा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बारापेक्षा जास्त प्रवासी नेणारी बोट ‘प्रवासी जहाज’ ठरते आणि मग तिच्या बांधणीपासून सुरक्षेपर्यंत सगळ्याच अटी कडक होतात. हेब्रिडीज बेटांमध्ये फिरणाऱ्या कित्येक छोट्या बोटी बाराच्या आत राहतात त्या यामुळे. शेटलंडजवळच्या फेअर आयलला जाणारी ‘गुड शेफर्ड’ ही तर गावकऱ्यांची रोजच्या गरजेची फेरी, पण तीही वर्षानुवर्षं बाराच माणसं नेत आली आहे. रस्त्यावर हा आकडा सोळा होतो, कारण ब्रिटनमधला मिनीबसचा परवाना सोळा प्रवासी आसनांपर्यंतच चालतो. चाळीसजणांची बस, पुढे झेंडी घेतलेला टूर मॅनेजर आणि दहा दिवसांत पाच देश, या हिशेबाची सवय झालेल्या आपल्याकडच्या प्रवाशाला बारा-सोळा म्हणजे चैन वाटते. माझ्या मते ती चैन नाही. त्या बेटांवर एका वेळी जेवढी माणसं मावतात, तेवढीच ती संख्या आहे.

हे सगळ्याच स्कॉटिश बेटांना लागू होत नाही. स्कॉटलंडभोवती सातशे नव्वदच्या आसपास बेटं आहेत आणि 2011 च्या जनगणनेत त्यांपैकी 93 बेटांवर वस्ती होती. स्काय बेट 1995 पासून पुलानं मुख्य भूमीला जोडलेलं आहे. उन्हाळ्यात तिथली अडचण पोहोचण्याची नसते, गाडी लावायला जागा सापडण्याची असते. दुर्गम म्हणावं ते सेंट किल्डासारख्या ठिकाणाला. नॉर्थ यूइस्टच्या पश्चिमेला, भर अटलांटिकमध्ये सुमारे 64 किलोमीटरवर हा बेटांचा पुंजका आहे. हॅरिस बेटावरच्या लेव्हरबर्ग बंदरातून निघालेल्या वेगवान बोटीला एका बाजूनं अडीच-तीन तास लागतात. हर्टा या मुख्य बेटावर पोहोचल्यावर बोट व्हिलेज बे या उपसागरात नांगर टाकते आणि प्रवासी रबरी होडीतून थोडेथोडे किनाऱ्यावर उतरतात. हा उपसागर आग्नेयेकडे तोंड करून आहे. त्या बाजूनं लाटा येत असतील, तर आकाश कितीही निरभ्र असो, उतरता येत नाही. म्हणून बोटवाले बहुधा एका दिवसाचं आरक्षण देताना दुसरा दिवसही मोकळा ठेवायला सांगतात. पहिल्या दिवशी जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी, आणि दुसऱ्याही दिवशी नाही जमलं तर पुढच्या वर्षी.

अशा ठिकाणी वाटाड्याचं पहिलं काम माहिती सांगणं नसतंच. बेत मोडल्यावर दुसरा बेत उभा करणं, हे त्याचं खरं काम. बॅरा बेटावर विमान समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर उतरतं, त्यामुळे तिथलं वेळापत्रक भरती-ओहोटी पाहून ठरतं. लुईस बेटावर रविवार पाळण्याची रीत अजून जिवंत आहे. तिथल्या स्टोर्नोवे बंदरातून मुख्य भूमीकडे रविवारची फेरी सुरू झाली ती 2009 मध्ये, तीही मोठ्या वादानंतर. वारा वाढला की फेरी रद्द होते आणि गावात खोल्या मोजक्या असल्यानं अडकलेल्या प्रवाशाची पंचाईत होते. चाळीसजणांचा बेत ऐनवेळी फिरवायचा म्हणजे चाळीस जेवणं आणि वीस खोल्या शोधायच्या, आणि तेवढ्या त्या गावात नसतातच. बारांची सोय मात्र ओळखीच्या जोरावर, दोन-चार फोनांत लागू शकते. अक्षरशः बारा गावचं पाणी प्यालेला माणूस लागतो तो इथे. आपल्या शाकाहारी प्रवाशांनी तर हे आधीच ध्यानात घ्यावं. बेटावरच्या एकुलत्या एका दुकानात ताजी भाजी आहे की नाही, हे कालची फेरी आली की नाही यावर ठरतं.

छोट्या गटानं, वाटाड्यासोबत जाण्याचं दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. या बेटांवर पाहण्यासारखं जे आहे, ते नुसत्या डोळ्यांना पुष्कळदा दिसतच नाही. हर्टावर दिसतात ती गवताच्या छपराची, दगड रचून केलेली बुटकी कोठारं. त्यांना ‘क्लेट’ म्हणतात आणि या बेटसमूहावर ती बाराशेहून जास्त आहेत. परक्या माणसाला ती ढोरांची खोपटं वाटतील. भिंतींत चुना-माती काहीच नाही हे कुणी दाखवलं, की उलगडा होतो : फटींतून वारा खेळावा आणि आत ठेवलेले पक्षी सुकावेत, म्हणून ती तशी बांधली आहेत. कारण इथली माणसं मासेमारीपेक्षा पक्ष्यांवर जगत होती. गॅनेट, फुल्मर, पफिन यांचं मांस, अंडी, पिसं आणि तेल यांवर त्यांचा संसार चाले. त्यासाठी ती दोरावर लोंबकळत कडे उतरत, आणि इथला कोनाकेर हा कडा समुद्रापासून 430 मीटर उंच आहे. गावातले पुरुष सकाळी रस्त्यावर जमून दिवसाचं काम वाटून घेत. पाहुण्यांनी त्याला ‘संसद’ असं नाव दिलं. 29 ऑगस्ट 1930 रोजी उरलेली 36 माणसं स्वतःच्या विनंतीवरून बेट सोडून गेली. आज युनेस्कोच्या यादीत निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही कारणांनी नोंदलेलं ब्रिटनमधलं हे एकमेव ठिकाण आहे. पण हे सगळं कुणी सांगितलं नाही, तर दिसते ती पडक्या घरांची एक वळणदार ओळ आणि पुष्कळ मेंढ्या.

ऑर्कनी बेटांवरचं मेशोव घ्या. सुमारे 5,000 वर्षांपूर्वीचं हे दगडी थडगं. आत जायला लांब, बुटका बोगदा आहे, त्यातून वाकूनच जावं लागतं, आणि मार्गदर्शकाशिवाय, आधी आरक्षण केल्याशिवाय प्रवेश मिळत नाही. आतल्या भिंतींवर बाराव्या शतकात घुसलेल्या नॉर्स लोकांनी रूनिक लिपीत कोरलेले तीसहून जास्त लेख आहेत. इतक्या भारदस्त जागी आपण काही गंभीर वाचायला जावं, तर कुणी आपलं नाव खोदून ठेवलंय, कुणी एका बाईच्या रूपाची तारीफ केलीय. किल्ल्याच्या बुरुजावर बदाम कोरणाऱ्यांचे हे थेट पूर्वज! हॅरिस ट्वीडची गोष्टही तशीच. 1993 च्या कायद्यानुसार हे कापड बाह्य हेब्रिडीजमधल्या विणकरानं आपल्या घरीच, हातानं विणलेलं असलं पाहिजे. म्हणजे तो माग पाहायचा तर कुणाच्या तरी घरामागच्या शेडमध्ये शिरावं लागतं. तिथे दहाजण उभे राहिले की विणकराला धोटा फिरवायला जागा उरत नाही.

आता बेटांवर पडणाऱ्या ओझ्याचा हिशेब. बेटांवरचे बरेचसे रस्ते एका गाडीपुरतेच रुंद आहेत. समोरून गाडी आली की एकानं बाजूच्या रुंदवलेल्या जागेत थांबायचं. सोळाजण एका मिनीबसमध्ये बसले तर चार-पाच भाड्याच्या गाड्या त्या रस्त्यावरून कमी होतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे फेरीच्या डेकवरून कमी होतात. पश्चिम किनाऱ्याच्या फेऱ्या कॅलमॅक ही सरकारी मालकीची कंपनी चालवते. 2008 पासून टप्प्याटप्प्यानं गाड्यांचं भाडं रस्त्यावरच्या खर्चाच्या हिशेबानं उतरवलं गेलं. बेटवासीयांना दिलासा मिळाला, पण पर्यटकांच्या गाड्याही वाढल्या. बरीचशी जहाजं मात्र जुनीच राहिली. 2015 मध्ये मागवलेलं ‘ग्लेन सॅनॉक्स’ प्रवासी घेऊन निघालं ते 2025 च्या जानेवारीत. अशा स्थितीत ऐन उन्हाळ्यात डेकवरची जागा पाहुण्याच्या गाडीनं अडवली, तर दवाखान्याला निघालेला बेटकरी धक्क्यावर राहतो. दुसऱ्या टोकाला आलिशान क्रूझ जहाजं आहेत. सुमारे 22,000 वस्तीच्या ऑर्कनीत कर्कवॉल बंदराला तीन-चार हजार प्रवाशांचं जहाज लागलं, की ती माणसं काही तासांत सगळीकडे पसरतात आणि रात्रीचं जेवण जहाजावरच घेतात.

यावर पहिला आक्षेप स्वातंत्र्याचा. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्यानं कुणालाही जबाबदारीनं बहुतेक मोकळ्या जमिनीवर चालण्याचा हक्क दिला आहे. मग दावं बांधून का फिरावं? आक्षेप खरा आहे आणि काही बेटांपुरता तो मी मान्य करतो. आयोनाला वाटाड्या नकोच. संत कोलंबा सन 563 मध्ये जिथे उतरला ते हे बेट, मल बेटावरून छोट्या फेरीनं पायी जाता येतं, आणि तिथला निवांतपणा गटात राहून मिळायचा नाही. एग बेटावरही पाहुण्याला गाडी नेता येत नाही. धक्क्यापासून चालत निघायचं, एवढंच. पण मेशोवमध्ये स्वातंत्र्य चालत नाही, आणि सेंट किल्डाला एकट्यानं जायचं तरी त्याच बाराजणांच्या बोटीत बसावं लागतं. पक्ष्यांच्या बेटांवर तर मोकळेपणाला आणखी एक मर्यादा आहे. 2022 मध्ये बर्ड फ्लूनं गॅनेट आणि स्कुआ मोठ्या संख्येनं मेले, तेव्हा अनेक बेटांवर उतरण्यावर बंदी आली होती. शियंट बेटांवरून उंदीर घालवायला काही वर्षांची मोहीम लागली आणि 2018 मध्ये ती बेटं उंदीरमुक्त जाहीर झाली. एखाद्याच्या पिशवीतून गेलेली गाभण उंदरीण तो सगळा खर्च पाण्यात घालू शकते. बूट आणि पिशव्या तपासून घेणारा वाटाड्या म्हणूनच मला जाचक वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. पर्यटक बारा असोत की बाराशे, बेटाला पर्यटनच बुडवतं, आणि पुरावा म्हणून सेंट किल्डाचंच उदाहरण देता येतं. एकोणिसाव्या शतकात तिथे आगबोटीतून हौशी पाहुणे येऊ लागले. बेटकरी त्यांना अंडी आणि कापड विकू लागले, पैशांची आणि बाहेरच्या मालाची सवय लागली, तरुणांना बाहेरचं जग दिसलं. बोट येऊन गेली की बेटभर खोकला पसरे, त्याला ते परक्यांचा खोकलाच म्हणत. अर्थात बेट ओस पडायला स्थलांतर, आजारपण, उपासमारीची भीती अशी बरीच कारणं होती. पण पाहुण्यांनी तिथे काहीच बिघडवलं नाही, असं म्हणता येणार नाही. फरक आहे तो बेटाची सूत्रं कुणाच्या हाती, यात. एगच्या रहिवाशांनी 1997 मध्ये आपलं बेट जमीनदाराकडून विकत घेतलं आणि 2008 मध्ये पाणी, वारा आणि ऊन यांवर चालणारी स्वतःची वीजयंत्रणा उभी केली. एका घरानं एका वेळी 5 किलोवॉटपेक्षा जास्त वीज ओढायची नाही, हे त्यांनी आपसांत ठरवून घेतलं. वीज मोजून वापरणाऱ्या गावाला पाहुणेही मोजून हवे असणार. सेंट किल्डाच्या लोकांना तसं ठरवण्याची संधी नव्हती.

खर्चाचा आक्षेप मात्र उडवून लावता येत नाही. छोटा गट महागच पडतो, कारण बोटीचं इंधन, गाडी आणि वाटाड्याचा पगार चाळीसांऐवजी बारांत वाटला जातो. त्यात सहल एडिंबराहून निघून एडिंबरालाच संपणारी असेल, तर त्या पैशांतलं बेटावर किती उतरतं, ही शंका रास्त आहे. ज्यांना परवडत नाही त्यांनी फेरीनं पायी जावं, बेटावरची बस धरावी, गावातल्या घरी उतरावं आणि एका दिवसापुरता तिथलाच वाटाड्या घ्यावा. बाह्य हेब्रिडीजमध्ये हा मार्ग नीट जमतो. शिवाय ‘छोटा गट’ या शब्दाला कुणाचं बंधन नाही. चोवीसजणांनाही काही कंपन्या छोटा गट म्हणतात. तेव्हा पैसे भरण्याआधी नेमका आकडा विचारावा. मुक्काम बेटावर आहे की मुख्य भूमीवर, वाटाड्या कुठला, गेलिक ही तिथली भाषा जाणतो का, हेही विचारावं. 2022 च्या जनगणनेत बाह्य हेब्रिडीजमध्येही गेलिक बोलणारे निम्म्याच्या खाली आले, त्यामुळे या शेवटच्या प्रश्नाला दरवेळी होकार मिळेलच असं नाही. आणि सेंट किल्डाचा दिवस वाऱ्यानं गेला तर त्याबदली काय दाखवणार, हे लेखी घ्यावं. ज्यांच्याकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असतं, त्यांनी तो दिवस आधी गमावलेला असतो.