तंजावरची लहर कोठवर पोहोचली?

तंजावरच्या दक्षिणेस, पाल्कच्या सामुद्रधुनीकाठी, दुसऱ्या सरफोजीराजांनी इंग्रजांनी नेपोलियनावर मिळवलेल्या विजयाप्रीत्यर्थ १८१४-१५ च्या सुमारास मनोरा नावाचा बुरूज उभारला, त्या काळी युरोपातील वार्ता आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजांतून या किनाऱ्यास लागेपर्यंत कित्येक महिने लोटत. आज त्याच जिल्ह्यातील एखादा परवानाधारक हौशी रेडिओचालक, ज्याला व्यवहारात सारे ‘हॅम’ म्हणतात, पाव वॅटहूनही कमी शक्तीची लहर आकाशात सोडतो आणि ती कोणकोणत्या देशांत ऐकली गेली याचा दाखला चार-पाच मिनिटांत संगणकावर पाहतो. विलायती यंत्रे हौसेने जमवणाऱ्या त्या राजास हे पाहून काय वाटले असते, या कल्पनेत रमण्याचा मोह मी येथेच आवरतो.

ही सोय ‘विस्पर’ नामक पद्धतीची. १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभलेले ज्योतिर्विद जो टेलर हे स्वतः हाडाचे हॅम. त्यांनी २००८ मध्ये ती प्रचारात आणली. सम मिनिटाच्या आरंभी निघणारा आणि सुमारे ११० सेकंद चालणारा संदेश केवळ प्रेषकाचे कॉलसाइन, स्थानांक आणि शक्ती एवढेच सांगतो. कानास मुळीच न जाणवणारी ही खूण दूरदेशीचा संगणक गोंगाटातून वेचतो आणि तिची नोंद सर्वांना खुल्या असलेल्या समाईक दप्तरात धाडतो. तंजावरचा स्थानांक एमके९०, पुण्याचा एमके६८. घड्याळ मात्र चोख हवे; दोन-तीन सेकंदांची चूकही संदेश वाया घालवते.

तंजावरच्या हॅमची अडचण आणि मौज एकाच ठिकाणी आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकानजीकून जाते, म्हणूनच केरळातील थुंब्याची अग्निबाणांसाठी निवड झाली; आणि त्याच सान्निध्यामुळे सूर्यास्तानंतर कित्येकदा येथील आयनांबरात विरळ भागांचे बुडबुडे वर उठू लागतात व लघुलहरींवरील आवाज थरथरू लागतो. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’साठी मुळात रचलेल्या पद्धतीवर आधारलेले ‘व्होअकॅप’ हे ऑनलाइन साधन कोणत्या प्रहरी कोणत्या पट्ट्यावरून कोणती दिशा साधेल हे सांगते खरे. पण ते महिन्याचे मध्यमान, आज रात्रीच्या बुडबुड्यांची त्याला वार्ताही नसते. त्या रात्रीपुरते ‘पीएसके रिपोर्टर’च्या नकाशावर कोण कोणास ऐकत आहे हे पाहावे, भाकितापेक्षा साक्ष बरी, असे माझे मत.

साक्षीचा सर्वांत गंमतीदार प्रकार नेदरलँड्समधील ट्वेन्टे विद्यापीठाच्या ‘वेबएसडीआर’वर अनुभवावा. पडद्यावर धबधब्याप्रमाणे सरकणाऱ्या पट्टीत आपली वारंवारता निवडावी, शेजारच्या यंत्रावरून कॉलसाइन उच्चारावे. मार्ग खुला असल्यास पट्टीत एक फिकट रेघ उमटते आणि आपलाच आवाज क्षणभराने, किंचित घोगरा होऊन, युरोपातून परत येतो. नुसते ऐकणाऱ्यास येथे परवानाही लागत नाही, त्यामुळे नवशिक्याने आरंभ येथूनच करावा.

संपर्काच्या पोचपावतीसाठी अमेरिकन रेडिओ रिले लीगचे ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’ आहे. जागतिक वेळेत, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून, लिहिलेल्या उभय पक्षांच्या नोंदींची रुजवात पटल्याखेरीज तेथे संपर्क मंजूर होत नाही. तंजावरच्या मोडी दप्तरातील कारकुनास ही शिस्त परकी वाटली नसती. ‘एकोलिंक’विषयी मात्र मी उदासीन आहे: आवाजाचा बहुतेक प्रवास इंटरनेटनेच व्हायचा असेल, तर टेलिफोन काय वाईट?

शिवाय इंटरनेटचा भरवसा तो किती? १६ नोव्हेंबर २०१८ रोजी पहाटे ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमनजीक किनाऱ्यावर आदळले, तंजावर जिल्ह्यातील नारळीच्या बागा आडव्या झाल्या आणि कित्येक गावे दिवसेंदिवस विजेवाचून राहिली. अशा वेळी उपरोक्त एकही साधन उघडत नाही. उरते ती बारा व्होल्टची बॅटरी, झाडास बांधलेली तार आणि दिवसा ७ मेगाहर्ट्झवरून चेन्नई गाठता येते हे आधीच पडताळलेले ज्ञान. यास्तव व्होअकॅपचा महिनावार तक्ता छापून यंत्राजवळ डकवावा, विस्परच्या स्वतःच्या नोंदी कागदावर उतरवून ठेवाव्यात, आणि ज्याच्यापाशी अद्याप परवाना नाही त्याने केंद्रीय दूरसंचार विभागाच्या ‘सरल संचार’ संकेतस्थळावर परीक्षेची माहिती पाहावी.